तेरावं आधी, बारसं नंतर : पेन्सिल्व्हेनिया रेलरोडच्या वाटेवर

गुरुवार : न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया

न्यू जर्सीतल्या एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्सटन जंक्शन या पट्ट्यात राहणारी आपली मंडळी रोज सकाळी डबा आणि लॅपटॉप घेऊन ज्या रुळांवरून न्यूयॉर्क गाठतात, ते कुणी टाकले याची चौकशी सहसा कुणी करत नाही. मीही केली नसती, पण यंदा ऑक्टोबरात मामा आले. मामा मध्य रेल्वेत गार्ड होते. उभी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली. नायगारा त्यांनी साफ नाकारला. मेट्रोपार्कच्या फलाटावर उभं राहून त्यांनी आधी शेजारी शेजारी धावणारे चार मार्ग मोजले, मग मान वर करून तारांचे खांब न्याहाळले आणि म्हणाले, "हे काम आजकालचं नाही गं."

नव्हतंच. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन हा संपूर्ण मार्ग १९३५ साली विजेवर आला, तोही जागतिक मंदीच्या ऐन मध्यावर. ११,००० व्होल्ट, २५ हर्ट्झ. व्होल्टेज पुढं थोडं वाढलं, पण २५ हर्ट्झची ती जुनी पद्धत या पट्ट्यात अजून चालू आहे. हे करणारी कंपनी म्हणजे पेन्सिल्व्हेनिया रेलरोड, जुन्या लोकांच्या तोंडी नुसतं 'पेन्सी'. १८८०च्या दशकात ती जगातली सर्वांत मोठी कंपनी होती. पहिल्या महायुद्धानंतर तिच्याकडं सुमारे २ लाख ८० हजार माणसं कामाला होती, आणि मार्गांची लांबी १० हजार मैलांच्या वर. स्वतःबद्दल ती 'जगाची प्रमाण रेल्वे' अशी जाहिरात करायची आणि लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. आज त्या नावाची रेल्वे नाही. तिची वाट मात्र शाबूत आहे, आणि त्याच वाटेनं अमट्रॅक या सरकारी प्रवासी रेल्वेच्या गाड्यांतून पिट्सबर्गपर्यंत जायचं असं आम्ही ठरवलं.

फिलाडेल्फिया एडिसनहून दक्षिणेला, पण आम्ही आधी उलटे उत्तरेला गेलो. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन पाहिल्याशिवाय या कंपनीची गोष्ट सुरूच होत नाही. १९१० पर्यंत पेन्सीची गाडी मॅनहॅटनला पोचतच नव्हती. प्रवासी जर्सी सिटीला उतरायचे आणि होडीनं हडसन ओलांडायचे. प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क सेंट्रल तेवढ्यात आपले प्रवासी थेट शहराच्या मध्यात उतरवत असे. पेन्सीचे अध्यक्ष अलेक्झांडर कसाट (चित्रकार मेरी कसाट यांचे हे थोरले भाऊ) यांना ते फार झोंबलं. त्यांनी नदीच्या तळाखालून बोगदे काढायला घेतले आणि पलीकडं एक अवाढव्य स्टेशन बांधायला काढलं. १९०६ च्या डिसेंबरात ते वारले. स्टेशन उघडलं १९१० मध्ये. मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुकारांच्या पेढीनं प्रतीक्षालयासाठी रोममधल्या काराकाल्लाच्या स्नानगृहांचा नमुना घेतला होता. छत जमिनीपासून दीडशे फूट उंच.

ते स्टेशन कंपनीनं १९६३ पासून पाडायला घेतलं. पैसा हवा होता. जमिनीच्या वरचा हक्क देऊन टाकला, तिथं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह उभं राहिलं, आणि कंपनीला त्या प्रकल्पात पाव हिस्सा नि तळघरात एक नवं स्टेशन मिळालं. दगडी खांब आणि पुतळे ट्रकांत भरून न्यू जर्सीच्या दलदलीत नेऊन टाकले. शहराला या प्रकाराची इतकी शरम वाटली, की १९६५ मध्ये वारसावास्तू जपणारा आयोग नेमला गेला. म्हणजे पुढं शहरातलं दुसरं मोठं स्टेशन, ग्रँड सेंट्रल, वाचलं, ते पेन स्टेशनच्या जिवावर.

मामांना मी मुद्दाम जुन्या भागातून फिरवलं. बुटकं छत, पाव-कॉफीची दुकानं, गर्दी. फलाटावर उतरणाऱ्या काही जिन्यांना अजून १९१० चे पितळी कठडे आहेत. मामांनी एकावर हात ठेवला आणि पायरी न उतरता बराच वेळ तिथंच उभे राहिले. मागून लोक "एक्सक्यूज मी" करत होते. रस्त्यापलीकडचा मोयनिहन हॉल, जुन्या टपाल कचेरीत २०२१ साली उघडलेला, काचेच्या छताचा, उजेडाचा, चांगला आहे. पण तिथं बसायला बाकं का नाहीत, हा मामांचा प्रश्न. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

फिलाडेल्फियाचं थर्टीथ स्ट्रीट स्टेशन १९३३ चं, पेन्सीनंच बांधलेलं आणि सुदैवानं न पाडलेलं. मुख्य दालनात ३९ फूट उंचीचा काशाचा देवदूत आहे. दोन्ही पंख सरळ वर, हातात निपचित सैनिक. वॉकर हँकॉक यांनी घडवलेला हा पुतळा १९५२ मध्ये बसवला. दुसऱ्या महायुद्धात कंपनीचे १,३०७ कर्मचारी मारले गेले, त्यांचं हे स्मारक. चौथऱ्यावर सगळ्यांची नावं आहेत, हुद्दे नाहीत. मामांना हे विशेष आवडलं.

संध्याकाळी चालत पेन सेंटरला गेलो. मार्केट स्ट्रीटवरचे हे काचेचे-दगडाचे कार्यालयीन मनोरे बघायला कुणी पर्यटक जात नाही, पण पेन्सीचा शेवट समजून घ्यायचा तर इथंच यायला हवं. इथं तिचं ब्रॉड स्ट्रीट स्टेशन होतं, आणि गाड्या ज्या उंच दगडी भिंतीवरून आत यायच्या तिला शहरातले लोक 'चिनी भिंत' म्हणत. १९५३ मध्ये दोन्ही पाडून कंपनीनं ही जमीन विकासाला काढली. गाड्या चालवून मिळेना ते भाड्यातून मिळवायचं, हा विचार इथून पक्का झाला.

१९४६ साली, म्हणजे सनद मिळून बरोबर १०० वर्षं झाली त्या वर्षी, कंपनीला पहिल्यांदा तोटा झाला. पण भागधारकांना लाभांश देणं तिनं थांबवलं नाही. शंभर वर्षं अखंड लाभांश ही तिची शान होती. महामार्ग, ट्रक, विमानं ही कारणं सगळे सांगतात आणि ती खरीच आहेत. सरकार रस्ते बांधून देत होतं, रेल्वे मात्र स्वतःच्या रुळांवर मालमत्ताकर भरत होती. मालवाहतुकीचे दर वॉशिंग्टनमधला आयोग ठरवायचा. तोट्यातली उपनगरी गाडी बंद करायची तर वर्षानुवर्षं सुनावण्या. ईशान्येकडचे कोळसा आणि पोलाद हे दोन्ही धंदे ओसरायला लागलेले. एवढं सगळं मान्य करूनही मला वाटतं, की रुळांची डागडुजी पुढं ढकलून लाभांश वेळेवर देणाऱ्या माणसांना फक्त परिस्थितीचे बळी म्हणता येणार नाही.

मग उपाय निघाला विलीनीकरणाचा, तोही शंभर वर्षांच्या वैऱ्याशी, न्यूयॉर्क सेंट्रलशी. १९५७ मध्ये बोलणी जाहीर झाली, १ फेब्रुवारी १९६८ ला 'पेन सेंट्रल' जन्माला आली. अध्यक्षस्थानी पेन्सीचे स्टुअर्ट साँडर्स, कारभार बघायला न्यूयॉर्क सेंट्रलचे आल्फ्रेड पर्लमन, आणि दोघांचं पटेना. पेन्सीवाल्यांना 'लाल', सेंट्रलवाल्यांना 'हिरवे' म्हणत, डब्यांच्या रंगांवरून. दोन्ही कंपन्यांचे संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. एका यार्डातून निघालेली वाघीण (मालडबा) दुसऱ्या यार्डाच्या कागदावर उमटतच नसे. मालानं भरलेल्या अख्ख्या गाड्या कुठंतरी उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाईक ट्रकवाल्याकडं जायचं.

"वाघीण हरवली की पहिल्यांदा गार्डाला पकडतात," मामा म्हणाले. "इथं साहेबच हरवले होते म्हणायचं."

त्या गोंधळातही लाभांश चालूच होता. पैसे जमिनींत, करमणुकीच्या बागांत, एका विमान कंपनीत गुंतवले होते. १९७० मध्ये रेल्वेचा तोटा दिवसाला दहा लाख डॉलरांच्या घरात गेला. सरकारनं २० कोटी डॉलरच्या कर्जाला हमी द्यायचं नाकारलं आणि २१ जून १९७० ला, रविवारी, कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेनं तोवर पाहिलेली ती सर्वांत मोठी दिवाळखोरी. विलीनीकरण होऊन अडीच वर्षंसुद्धा झाली नव्हती.

म्हणजे आम्ही तेरावं आधी उरकलं. बारसं अजून पुढं, डोंगरात होतं.

शुक्रवार : लँकेस्टर, स्ट्रासबर्ग

फिलाडेल्फियाहून पश्चिमेला निघालं की आर्डमोर, ब्रिन मॉर, पाओली अशी श्रीमंत उपनगरं लागतात. या भागाला आजही 'मेन लाइन' म्हणतात, ते याच लोहमार्गावरून. लँकेस्टरला उतरून टॅक्सीनं स्ट्रासबर्गला गेलो. वाटेत आमिश लोकांच्या घोडागाड्या, मक्याची कापलेली शेतं. इथं राज्य सरकारचं रेल्वे संग्रहालय आहे आणि त्यातल्या इंजिनांत मोठा वाटा पेन्सीचा.

आम्ही सकाळी आत शिरलो ते संग्रहालय बंद व्हायच्या वेळेला बाहेर आलो. सगळं सांगत बसत नाही. दोन-तीन इंजिनांबद्दल मात्र सांगायलाच हवं.

जीजी-१ जातीचं ४९३५ क्रमांकाचं विजेचं इंजिन. काळपट हिरवा रंग, दोन्ही टोकांकडं निमुळतं होत गेलेलं अंग, आणि त्यावरून लांबलचक धावणाऱ्या पाच सोनेरी रेघा. १९३४ ते १९४३ या काळात अशी १३९ बनली. पहिल्या नमुन्याचं कवच रिव्हेट मारून जोडलेलं होतं. रेमंड लोवी या रचनाकारानं ते वेल्ड करायला सांगितलं आणि या रेघा दिल्या. तो रिव्हेटवाला पहिला नमुना, ४८००, सुद्धा इथंच आहे. दोन्ही पाहिली की लोवींनी काय केलं ते कळतं. पेन्सी गेली, पेन सेंट्रल गेली, तरी ही इंजिनं धावत राहिली. शेवटचं १९८३ मध्ये थांबलं.

दुसरं ४६० क्रमांकाचं वाफेचं इंजिन. १९२७ च्या जूनमध्ये अटलांटिक एकट्यानं विमानातून पार केलेल्या चार्ल्स लिंडबर्ग यांचा वॉशिंग्टनमध्ये सत्कार झाला. त्याच्या चित्रफिती न्यूयॉर्कच्या थिएटरांत आधी कोण पोचवणार यावरून शर्यत लागली. बाकीच्यांनी विमानं केली. एका कंपनीनं ही गाडी केली. विमानं आधी पोचली, पण त्यांच्या फिती न्यूयॉर्कला गेल्यावर धुवायच्या होत्या. या गाडीनं सामानाच्या डब्यातच अंधारखोली थाटली होती आणि फिती धावत्या गाडीत तयार झाल्या. पडद्यावर आधी रेल्वेचीच चित्रं आली. ही गोष्ट मामांनी फलकावरून मला वाचायला लावली, मग दुसऱ्यांदा वाचायला लावली.

तिसरं इंजिन इथं नाहीच. टी-१ नावाची, टोकदार नाकाची, ताशी शंभर मैलांनी पळणारी वाफेची ५२ इंजिनं पेन्सीनं १९४२ ते १९४६ दरम्यान आणली. तोवर इतर कंपन्यांनी डिझेल घ्यायला सुरुवात केली होती. पण कोळसा वाहणं हेच जिचं मोठं उत्पन्न, ती रेल्वे कोळशाला कसं सोडणार? टी-१ दिसायला देखणी आणि सांभाळायला महाग. चाकं जागच्या जागी फिरायची. दहा-बारा वर्षांत सगळी भंगारात गेली, एकही ठेवलं नाही. तिकडं डिझेल घ्यायला कर्ज काढावं लागलं ते वेगळंच. आता काही हौशी मंडळी वर्गणी काढून टी-१ नव्यानं बांधत आहेत. मला तो खटाटोप आवडतो. मामांचं म्हणणं, एवढ्या पैशात एखादी चालती पॅसेंजर चालवली असती.

शनिवार : हॅरिसबर्ग ते अल्टूना

लँकेस्टरहून पिट्सबर्गकडं जाणारी 'पेन्सिल्व्हेनियन' आम्ही गेलो तेव्हा दिवसातून एकच होती. चार मार्गांचा हा राजरस्ता, ज्यावरून कधीकाळी न्यूयॉर्क-शिकागो 'ब्रॉडवे लिमिटेड' रात्रीतून धावायची, त्यावर आता प्रवाशांसाठी एवढंच. बाकी सगळी मालगाड्यांची सद्दी आहे.

हॅरिसबर्गला तारा संपतात. १९३८ मध्ये वीज इथपर्यंत आली आणि इथंच थांबली. डोंगरापलीकडं नेण्याचा विचार होता, तो तसाच राहिला. थोड्याच वेळात गाडी सस्क्वेहॅना नदीवर आली. रॉकव्हिलचा पूल १९०२ चा: ४८ कमानी, ३,८२० फूट लांब. दगडी कमानींचा याहून लांब रेल्वेपूल जगात नाही. गाडी सावकाश जाते म्हणून बरं. नदी रुंद आणि उथळ, मधेमधे खडक वर आलेले, काठच्या मेपलांना लाल-पिवळा रंग चढलेला. पलीकडून रुळ जुनिआटा नदीचा हात धरतात आणि पुढं कित्येक मैल सोडत नाहीत.

मोटारीनं आलो असतो तर दक्षिणेकडच्या टर्नपाइकनं, म्हणजे टोलच्या महामार्गानं, बरंच लवकर पोचलो असतो, असं घरून निघताना सगळ्यांनी ऐकवलं होतं. त्या टर्नपाइकची गोष्ट मी मामांना याच टप्प्यात सांगितली. १८८० च्या दशकात न्यूयॉर्क सेंट्रलचे विल्यम व्हँडरबिल्ट पेन्सीवर चिडले होते. त्यांनी पेन्सीच्याच प्रदेशातून, डोंगर फोडून, दक्षिण पेन्सिल्व्हेनिया रेल्वे काढली. पिट्सबर्गचे अँड्र्यू कार्नेगी त्यात सामील झाले, कारण पेन्सीचे दर त्यांना जाचत होते. बोगदे निम्मे-अर्धे खोदून झाले. एवढ्यात जे. पी. मॉर्गन या सावकारानं १८८५ च्या जुलैत दोन्ही रेल्वेच्या बड्यांना आपल्या 'कोर्सेर' नावाच्या नौकेवर चढवलं आणि समेट होईपर्यंत हडसनवर हिंडवत ठेवलं. दक्षिणेकडची रेल्वे बंद पडली. पेन्सी जिंकली. अर्धवट बोगद्यांत पाणी साचत राहिलं. पन्नासेक वर्षांनी राज्य सरकारला मोटाररस्ता करायचा होता, तेव्हा हे आयते बोगदे सापडले. बहुतेक तेच रुंद करून १ ऑक्टोबर १९४० ला पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक उघडला, आणि पेन्सीचे प्रवासी नि माल दोन्ही त्यावरून जाऊ लागले.

"म्हणजे तेव्हा समेट केला नसता तर?" मामा म्हणाले.

तर दोन रेल्वे मिळून बुडाल्या असत्या, असं माझं मत. ते त्यांना पटलं नाही.

लुइसटाउनचं छोटं स्टेशन १८४९ चं, पेन्सीनं बांधलेल्यांपैकी आज उभ्या असलेल्या इमारतींत सर्वांत जुनं. गाडी तिथं जेमतेम टेकली. संध्याकाळी अल्टूना. गावभर उतरती घरं, चर्चचे कळस, आणि स्टेशनाला लागून न संपणारं यार्ड.

रविवार : अल्टूना, हॉर्सशू कर्व्ह

अल्टूना हे गाव कंपनीनंच वसवलं, १८४९ मध्ये. त्याआधी इथं शेतं होती. त्याचं कारण समजायला हॉर्सशू कर्व्ह या रेल्वेवळणावरच जावं लागतं.

१८३४ पासून फिलाडेल्फिया-पिट्सबर्ग वाहतूक राज्य सरकारच्या एका विचित्र साखळीवर चाले: थोडी रेल्वे, मग कालवा, मग ॲलेगनी डोंगरावर दहा उतरणींवरून दोरानं डबे वर ओढायचे आणि पलीकडं खाली सोडायचे, मग पुन्हा कालवा. हिवाळ्यात कालवे गोठले की सगळं बंद. न्यूयॉर्कचा एरी कालवा आणि बॉल्टिमोरची रेल्वे व्यापार पळवत होते, म्हणून फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी १३ एप्रिल १८४६ ला पेन्सिल्व्हेनिया रेलरोडची सनद मिळवली. मुख्य अभियंता नेमले जे. एडगर थॉमसन. त्यांची हुशारी अशी, की चढ त्यांनी सगळीकडं वाटून घेतला नाही. हॅरिसबर्गपासून नदीच्या काठानं जवळजवळ सपाट यायचं आणि सगळी चढण एकाच ठिकाणी, शेवटच्या बारा मैलांत उरकायची. मग जादा इंजिनं फक्त तेवढ्या तुकड्यातच लागतात. ती ठेवायला, दुरुस्त करायला चढणीच्या पायथ्याशी कारखाना हवा, म्हणून अल्टूना.

"कर्जत," मामा म्हणाले.

अगदी तसंच. मागून लावायच्या इंजिनाला आपल्याकडं बँकर म्हणतात, इथं हेल्पर.

पण त्या बारा मैलांत साधारण हजार फूट चढायचं तर वाट सरळ नेऊन चालत नव्हती. किटॅनिंग पॉइंटला दोन ओढ्यांच्या खिंडी एकत्र येतात. थॉमसन यांनी मार्ग एका कुशीनं आत नेला, दोन्ही खिंडींवर भराव घातले, मधल्या डोंगराचं नाक कापलं आणि दुसऱ्या कुशीनं बाहेर काढला. घोड्याच्या नालेसारखा आकार, २,३७५ फूट लांब. हे सगळं मुख्यतः आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यांनी, घोडे लावून केलं. १५ फेब्रुवारी १८५४ ला पहिली गाडी वळली. बोरीबंदर-ठाणे गाडी सुटून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बोरघाट मार्गी लागायला १८६३ उजाडलं.

पायथ्याशी छोटं माहितीकेंद्र आहे. वर जायला पायऱ्या आहेत आणि दोरानं ओढला जाणारा एक डबाही. मामांनी गुडघे न सांगता डबा घेतला. वर एक हिरवळ आहे, तीन बाजूंनी रूळ, आणि आपण नालेच्या आतल्या अंगाला. इथं तासन् तास बसणारी माणसं असतात. कुणाकडं घडीच्या खुर्च्या, कुणाकडं रेडिओचा स्कॅनर, एका आजीबाईंकडं विणकाम. रूळ पूर्वी चार होते, १९८१ मध्ये एक काढला.

पहिली गाडी खालून आली ती दिसायच्या आधी ऐकू आली. पुढं तीन इंजिनं, मग एकावर एक ठेवलेले कंटेनर, ते संपेचनात. पुढची इंजिनं वळून डोंगराआड गेली तरी शेपूट खालच्या कुशीलाच होतं. सगळ्यात शेवटी दोन हेल्पर ढकलत होती. मामा उठून उभे राहिले आणि गाडी जाईपर्यंत बसले नाहीत. "चढ किती?" त्यांनी शेजारच्या रेडिओवाल्याला हातवारे करून विचारलं. मी मध्ये पडून हिशेब सांगितला: साधारण ५५ फुटांत एक फूट. मामांचा चेहरा खुलला. "आमच्याकडं सदतिसात एक," ते म्हणाले, आणि हे इंग्रजीत सांगायला मला भाग पाडलं. रेडिओवाल्यानं टोपी काढली. मग दोघं भाषेशिवाय ब्रेकविषयी बोलत बसले. उतारावर गाडी येते तेव्हा चाकांचा जो जळका वास येतो, तो दोघांनाही ओळखीचा निघाला.

या वळणाची महती हिटलरच्या हेरखात्यालाही ठाऊक होती. १९४२ च्या जूनमध्ये पाणबुड्यांतून आठ घातपाती अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या यादीत हॉर्सशू कर्व्ह होता. इथून जाणारा कोळसा, तेल, रणगाडे अडले असते. पण त्यातल्याच एकानं जाऊन कबुली दिली, सगळे पकडले गेले आणि सहा जणांना ऑगस्टमध्ये विजेच्या खुर्चीवर बसवलं.

दुपारी अल्टूनातल्या रेल्वे कामगारांच्या संग्रहालयात घाईनं डोकावलो. साडेसहा हजारांहून जास्त वाफेची इंजिनं या गावात बनली, हे वाचलं. त्याहून मला चार्ल्स डडली भावले. कंपनीनं १८७५ मध्ये त्यांना इथं रसायनशास्त्रज्ञ म्हणून नेमलं होतं. रुळांचं पोलाद, तेल, रंग, साबण, सगळं ते तपासत आणि प्रत्येक मालाचं प्रमाण लिहून देत. आज जगभर अभियंते ज्या 'एएसटीएम' मानकांचं नाव घेतात, त्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. 'प्रमाण रेल्वे' ही नुसती जाहिरात नव्हती तर.

संध्याकाळच्या गाडीनं कर्व्ह पुन्हा एकदा, या वेळी खिडकीतून. मग गॅलिट्झिनचा बोगदा आणि उतार. जॉन्सटाउनला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. ३१ मे १८८९ ला वरचं धरण फुटून या गावात २,२०९ माणसं गेली. धरण मुळात त्या जुन्या कालव्यासाठीचं. कालव्याबरोबर ते १८५७ मध्ये पेन्सीकडं आलं, तिनं विकलं, आणि शेवटी पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी क्लबच्या हाती लागलं. पेन्सीचे तिथले अधिकारी रॉबर्ट पिटकेर्नही क्लबचे सभासद होते. पुराचा सगळा ढिगारा पेन्सीच्या दगडी पुलाला येऊन अडकला आणि पेटला. त्याच पुलावरून आमची गाडी गेली.

सोमवार : पिट्सबर्ग

पिट्सबर्गचं स्टेशन डॅनियल बर्नहॅम यांनी बांधलं. समोरचा घुमटाकार मंडप बघण्यासारखा आहे. वर आता भाड्याची घरं आहेत. गाडीच्या प्रवाशांना बाजूचं एक साधं दालन.

तिथून चालत अठ्ठाविसाव्या रस्त्यापाशी गेलो. १८७७ चा संप इथं पेटला. मंदी होती, कंपनीनं मजुरी दहा टक्के कापली आणि वर दोन इंजिनं लावून दुप्पट लांबीच्या गाड्या काढल्या, म्हणजे निम्म्या माणसांत काम. २१ जुलैला फिलाडेल्फियाहून आणलेल्या शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. किमान वीस माणसं मेली. मग रात्रभर लोकांनी १०४ इंजिनं, बाराशेवर वाघिणी आणि स्टेशन जाळून टाकलं. आता तिथं सरकारी निळा फलक आहे आणि बाजूला गुदामं.

मामा १९७४ च्या संपाच्या आठवणी सांगत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "बुडाल्यावर पेन्शनवाल्यांचं काय झालं?"

ते वाचले. १९३० च्या दशकातल्या मंदीत रेल्वे कामगारांचं निवृत्तिवेतन केंद्र सरकारनं आपल्या हाती घेतलं होतं. भागधारकांचे ८६ डॉलरचे समभाग दहावर आले. प्रवासी गाड्या १९७१ मध्ये अमट्रॅकनं घेतल्या, मालगाड्या १९७६ मध्ये सरकारी कॉनरेलनं. सरकारनं अब्जावधी ओतून रूळ नीट केले, १९८० मध्ये दरांवरचं नियंत्रण सैल केलं, आणि तोट्यातली हीच रेल्वे नफ्यात आली. जे पेन्सी वर्षानुवर्षं मागत होती ते तिला नाही मिळालं, तिच्या वारसाला मिळालं. १९९९ मध्ये कॉनरेलही वाटली गेली. हा डोंगरातला मार्ग नॉरफोक सदर्न या रेल्वे कंपनीकडं आला. अल्टूनाचा कारखाना तीच चालवते.

"आणि मूळ कंपनी?"

ती मेलीच नाही. रूळ सोडून उरलेल्या जमिनी-इमारती घेऊन १९७८ मध्ये ती दिवाळखोरीतून बाहेर आली. पुढं नाव बदललं, विम्याच्या धंद्यात गेली आणि सिनसिनाटीच्या एका विमासमूहात आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलची मालकी २००६ पर्यंत तिच्याकडंच होती.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विमेवाले लाभांश देत असतील की."

मी फोनवर बघितलं. समूह देतो, दर तिमाहीला. मामा मान हलवत स्टेशनकडं चालू लागले. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि कर्व्ह आतल्या अंगानं दिसावा म्हणून कुठल्या बाजूची खिडकी धरायची हे त्यांना आजच तिथल्या माणसाला विचारून ठेवायचं होतं.